मुखवटा आणि चित्रकलेचा तास

आमच्या कोकणात ‘शाळा’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक शाळा घंटेवर चालते. दुसरी शाळा गणपतीची. आषाढ लागला की गावातल्या कुणाच्या तरी पडवीत मातीचा ढीग येऊन पडतो, पाट मांडले जातात, आणि चतुर्थी येईपर्यंत सारा गाव त्या जागेला ‘शाळा’ म्हणतो. “कुठे होतास इतका वेळ?” असे आईने विचारले की मुलगा “शाळेत” म्हणून मोकळा होतो, कोणत्या शाळेत, हे त्याच्या कोपरापर्यंत माखलेल्या हातांवरून तिला समजते. या दुसऱ्या शाळेत हजेरीपट नाही, फी नाही, परीक्षाही नाही. पहिल्या वर्षी माती मळावयाची, पुढच्या वर्षी साच्यातून उंदीर काढावयाचे, मग केव्हातरी पितांबराच्या रंगाची वाटी हाती यावयाची. डोळ्यांची आखणी मात्र घरचा जाणता कारागीर स्वतः करतो. त्या वेळी पडवीत कुणी बोलत नाही.

आज आपणांपुढे ठेवावयाचा विषय हायस्कुलातल्या मुलामुलींना मुखवटे करावयास शिकविण्याचा आहे. विषय किरकोळ वाटेल. वसंत व्याख्यानमालेत लोक राज्यक्रांत्यांविषयी ऐकावयास येतात, कागदाच्या लगद्याविषयी नव्हे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु आयुष्याचा मोठा भाग चित्रकलेचे तास घेण्यात गेल्यामुळे आम्हांस एक गोष्ट सलत आली आहे. गणपतीची शाळा आणि घंटेची शाळा या दोन्ही एकाच वाडीत, बहुधा एकाच वाटेवर, शंभराहून अधिक वर्षे शेजारधर्माने राहिल्या, पण एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्या का बोलल्या नाहीत, आणि मुखवट्याच्या निमित्ताने बोलू लागल्या तर काय होते, एवढेच सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम मुखवट्याचे आपल्या जिल्ह्यातील स्थान पाहू. जिल्हा म्हणताना आम्ही जुना रत्नागिरी जिल्हा धरीत आहो. १९८१ साली त्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला, पण संकासुराने ती हद्द अद्याप मानलेली दिसत नाही.

फाल्गुनात शिमगा आला की देवळातली पालखी बाहेर निघते आणि तिला रुपे लागतात. रुपे म्हणजे देवांचे चांदीचे मुखवटे. वर्षभर ते बंदोबस्तात असतात. त्या दिवशी मानकऱ्यांच्या देखत काढले, उजळले आणि वस्त्रे नेसवून पालखीत बसविले जातात. रत्नागिरी शहरात श्रीदेव भैरीची पालखी निघते तेव्हा मुंबईहून आलेला चाकरमानी गर्दीतून वाट काढीत ज्या मुखाकडे पाहून हात जोडतो, ते मुख म्हणजेही एक मुखवटाच. देवळातला देव जागचा हलत नाही; मुखवट्याच्या रूपाने मात्र तो घरोघर येतो, अंगणात नाचतो, ओटी घेतो. मुखवटा म्हणजे खरे तोंड लपविण्याचे साधन, असे शहरी माणूस समजतो. कोकणातल्या माणसाच्या दृष्टीने तो देवाला घराबाहेर पडण्याचे साधन आहे.

पालखीच्या मागोमाग खेळे येतात. मृदंग वाजू लागतो, नमन सुरू होते, आणि त्यात सोंगे येतात: गणपती, गोमू, नटवा, रावण, आणि मुलांचा जीव घेणारा संकासूर. काळा पायघोळ झगा, चेहरा झाकून टाकणारी उंच निमुळती काळी टोपी, लोंबती पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. गावागणिक थोडाफार फरक. घुंगरांचा आवाज वाडीच्या तोंडाशी आला की पोरे आजीच्या पदराखाली शिरतात, आणि तो पुढे गेला की तीच पोरे त्याच्या मागे धावतात. पुराणातला शंखासूर वेद चोरणारा. मत्स्यावतारात विष्णूने त्याला मारले. आमच्या खेळात तो मरतो खरा, पण पुढच्या फाल्गुनात परत येतो, आणि कित्येक गावांत लोक त्याला नमस्कारही करतात. वेद चोरणाऱ्याशी एवढी आपुलकी का, याचे उत्तर शास्त्री देतील. आम्हांस वाटते ते घुंगरांत असावे.

दक्षिणेकडे गेले की दशावतार लागतो. त्यात बहुतेक पात्रे तोंड रंगवून येतात, पण आरंभीच्या पूर्वरंगात येणाऱ्या गणपतीला मुखवटा असतो आणि संकासुराच्या तोंडावर काळे फडके. हा गणपतीचा मुखवटा मंडळीच्या पेटाऱ्यात राहतो, आणि त्या पेटाऱ्याची पूजा होते. उत्तरेस, आताच्या पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याकडे आदिवासी पाड्यांतून बोहाडा होतो. तेथे एकामागून एक देवदैत्यांची कितीतरी सोंगे मशालीच्या उजेडात नाचत येतात, आणि त्यांचे मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, घरच्याच माणसांनी केलेले असतात. सारांश, या किनारपट्टीवर मुखवटा करणारा, बांधणारा आणि त्याला भिणारा असा माणूस जागोजाग होता. नव्हता तो फक्त शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात.

येथे थोडे मागे जाणे भाग आहे. मुखवटा करण्याची कृती ही अडाण्यांची युक्ती आहे असा समज सुशिक्षितांत पुष्कळ काळ होता. परंतु भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्याभिनयाचा जो अध्याय आहे, त्यात ही कृती चक्क सांगितली आहे. बेलफळाचा चिकट गर घ्यावा, त्याने जाड कापड लिंपावे, राख किंवा भाताचा कोंडा मिसळावा, विस्तवावर नाही तर उन्हात वाळवावे, आणि मग धारदार हत्याराने भोके पाडावी. ग्रंथ संस्कृतात, पण कृती स्वयंपाकघरातली. आमच्याकडे बेलाच्या जागी चिंचोक्यांची खळ आली, कापडाबरोबर कागद आला, एवढाच फरक. सावंतवाडीचे गंजिफे ज्या चिंचोक्याच्या खळीवर आणि खडूच्या लेपावर तयार होत आले, तिचीच ही बहीण. आणि पश्चिम बंगालात पुरुलियाकडे चारिदा नावाच्या गावी छाऊ नाचाचे मुखवटे होतात, तेथेही मातीच्या साच्यावर आधी राख भुरभुरतात, म्हणजे वरचा कागद मातीला धरत नाही. भरताची राख आणि चारिद्याची राख यांचे काम अगदी एकच होते असे आम्ही म्हणणार नाही; पण ज्याने कधी मुखवटा केला आहे त्याला दोन्ही ठिकाणी आपल्याच चुलीची राख दिसेल.

मग ही विद्या शाळेत का आली नाही? त्याला आपल्याकडच्या चित्रकला-शिक्षणाचा जन्म कारण आहे. मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. तिचा नमुना लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा. तेथील शिक्षणाचा हेतू असा की, कारखान्यांना आणि सरकारी खात्यांना हात सफाईचा व डोळा मापाचा असलेली माणसे मिळावीत. रेघ सरळ यावी, वर्तुळ वाटोळे यावे, शंकूवर सावली योग्य जागी पडावी. यात वाईट काही नाही. आम्ही स्वतः त्याच रेघेवर वाढलो. १८६५ साली आलेले लॉकवुड किपलिंग यांना तर देशी कारागिरांविषयी मनापासून आदर होता. त्यांनी विणकर, सुतार, कुंभार यांची कामात गढलेली चित्रे काढून ठेवली आहेत. पुढे १८९१ साली त्या शाळेला जोडून लॉर्ड रे यांच्या नावाने हस्तव्यवसायांचे वर्गही निघाले. पण बारकाईने पाहावे: व्यवसाय वेगळ्या इमारतीत गेले आणि चित्र वेगळ्या. जिल्ह्याच्या गावी जे उतरले, ते चित्र. मातीचा हात मुंबईसच राहिला.

खेड्यातील हायस्कुलापर्यंत पोहोचल्या त्या ग्रेडच्या परीक्षा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही नावे या सभागृहातल्या कुणाला ठाऊक नाहीत? वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. रविवारी सकाळी पाण्याचा डबा आणि पट्टी घेऊन जाणारी मुले पाहिली की आजही आमचे मन भरून येते. १९६५ पासून कला संचालनालय आहे, आणि त्याच्या या परीक्षांना राज्यभरातून मुले बसतात. अलीकडे तर दहावीच्या गुणांत त्यांची भर पडते, त्यामुळे गणिताचे मास्तरही चित्रकलेविषयी बरे बोलू लागले आहेत. परंतु या सगळ्या प्रश्नपत्रिका कागदाच्या सपाटीवर सोडवावयाच्या. स्मरणचित्रात ‘शिमग्याची पालखी’ आली तर मुलगा पालखी काढतो, ढोलवाला काढतो, जमल्यास संकासूरही काढतो. संकासुराची टोपी आतून कशी शिवलेली असते, हे त्याला परीक्षा विचारीत नाही.

एका माणसाच्या बाबतीत या दोन शाळांची भेट झाली, आणि तिचे फळ आपणांस ठाऊक आहे. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर. जन्म १८९१ चा. घरात गणपती करण्याची परंपरा. मुलाचे हात मातीत वाढलेले. त्याने देवळाच्या भिंतीवर काढलेले शिवाजीमहाराजांचे चित्र ऑटो रॉथफील्ड नावाच्या कलेक्टरांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांच्या साह्याने मुलगा मुंबईच्या कलाशाळेत गेला. पुण्यातला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा १९२८ साली त्याच हातांनी घडविला. ही हकीकत सांगताना लोक कलेक्टरांच्या गुणग्राहकतेचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. आमच्या मनात मात्र दुसराच विचार येतो. किनाऱ्यावरच्या शेकडो गणपतीच्या शाळांतून असे हात दरवर्षी तयार होत होते. पण सगळ्या भिंतींवरून कलेक्टर जात नाहीत. ते काम गावच्या चित्रकला-शिक्षकाचे होते, आणि त्याला तर शाडूची माती वर्गात आणावयाची परवानगी मागतानाही भीती वाटे, कारण शिपाई कुरकुर करी.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्माजींनी उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली तेव्हा हे अंतर बुजेल असे वाटले होते. चरखा आला, टकळी आली, शेतीचे वाफे आले. मुखवटा मात्र त्या यादीत कसा बसावा? तो विकत नाही, नेसता येत नाही, पोट भरीत नाही. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गावच्या कारागिरांना शाळेत बोलवावे, सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे पाठवावे, असे म्हटले आहे. चांगले आहे. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात त्याच वर्गांसाठी कलाशिक्षक अंशकालीन धरला आहे, आणि तोही पटसंख्या शंभरावर गेली तर. वाडीवस्तीच्या शाळेत शंभर मुले कोठून आणावयाची? सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे म्हणतात. पटाचेही आणता येत नाही.

असो. आता प्रत्यक्ष अनुभवाकडे वळतो. आणि आरंभी आमची चूक सांगतो, म्हणजे पुढचे ऐकण्यास आपणांस अडचण पडणार नाही.

तालुक्यातल्या एका हायस्कुलात आम्ही नववीच्या वर्गाला मुखवटे शिकवावयाचे ठरविले. गाव, शाळा यांची नावे सांगण्याचे कारण नाही. आमच्या उत्साहाला त्या वेळी भरती आली होती. आम्ही मुलांना म्हटले, “देवळात जा, पालखीची रुपे नीट पाहून या, आणि तसेच मुखवटे आपण कागदाचे करू.” दुसऱ्या दिवशी मुले गेली. तिसऱ्या दिवशी दोन वयस्क गावकरी मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन बसले. बोलणे अत्यंत सौम्य होते. त्यांतले वडील गृहस्थ आम्हांस म्हणाले, “मास्तर, तुम्ही पोरांना देव करायला शिकवा, आमची ना नाही. गणपतीच्या शाळेत करतातच की. पण गणपती चौथीला पुजतो आणि पाण्यात सोडतो. तुमचे हे देव काम झाल्यावर कुठे सोडणार?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगावयाचे तर आमच्या मनात ते शाळेच्या जिन्यावर खिळ्याला टांगावयाचे होते.

त्या एका प्रश्नाने आम्हांस ग्रेडच्या परीक्षांनी न शिकविलेला धडा दिला. चित्राला ‘पुढे काय’ हा प्रश्न नसतो; ते वहीत राहते. मुखवट्याला तो असतो. तो कुणीतरी बांधावयाचा असतो, कशासाठी तरी, आणि काम झाल्यावर त्याची सोय लावावयाची असते. रुपे मानकऱ्यांची, त्यांचा मान पिढ्यांचा. त्यात शाळेने हात घालू नये हे आम्ही तत्काळ कबूल केले. मग करावयाचे काय? गृहस्थांनीच तोड सांगितली. “संकासूर करा, राक्षस करा, वाघ करा. त्याला कुणाचा मान आड येत नाही.” या तोडीत थोडा व्यवहार आणि पुष्कळ शहाणपण होते. नुसते देवाधर्माचे नव्हे, जातींचेही प्रश्न यात दडलेले असतात. खेळे बहुधा कुणब्यांचे, दशावतार देवळी मंडळींचा. कोणते सोंग कुणी घ्यावयाचे हे गावात ठरलेले. वर्गात मात्र एकाच बाकावर सगळे बसतात. संकासूर सर्वांना सारखाच भिववितो, त्यामुळे तो सर्वांना मिळावयास हरकत नव्हती.

काम आम्ही दिवाळीनंतर घेतले. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पावसाळ्यात कोकणात कागदाचे काही करू नये; जूनमध्ये केलेला मुखवटा ऑगस्टात दाढी नसताना दाढीवाला होतो, इतकी बुरशी धरते. दिवाळी ते माघ हा हंगाम. आणि एक गंमत अशी की चतुर्थी होऊन गेलेली असल्यामुळे गणपतीच्या शाळेत उरलेली माती त्या वेळी फुकट मिळते. मुलांनी ती पाट्यांतून आणली. घंटेच्या शाळेच्या व्हरांड्यात गणपतीच्या शाळेची माती पहिल्यांदा पडलेली आम्ही पाहिली तेव्हा शिपाई काय म्हणाला हे सांगत नाही.

मातीचा उंचवटा करून त्यावर चेहरा घडवावयाचा. मुले प्रथम चेहरा काढतात तो सपाट. डोळे, नाक, तोंड सगळे एका पातळीवर, कारण त्यांना पाच वर्षे कागद शिकविलेला. त्यांना आपल्याच कपाळावरून खाली बोट फिरवावयास सांगावे लागते: येथे खळगा, येथे उंचवटा. मग हळूहळू भुवया पुढे येतात. त्यावर राख भुरभुरावी, पहिला थर नुसत्या पाण्यात भिजविलेल्या कागदाचा द्यावा, आणि मग खळ. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून, वाटून, शिजवावयाचे. हे काम मुलींच्या घरून सहज झाले, कारण आज्यांना ते येत होते. खळीला कसर लागू नये म्हणून जुने लोक मोरचूद घालतात. ते विष आहे. मुलांच्या हाती देऊ नये. आम्ही तुरटीवर भागविले. एका पालकाने काजूच्या टरफलाचे तेल लावा म्हणजे मुखवटा शंभर वर्षे टिकेल असे सुचविले. होडीला ते ठीक आहे. नववीच्या मुलांच्या कातडीला नाही.

कागद कात्रीने कापू नये, हाताने फाडावा. फाडलेल्या कडेला तंतू सुटतात आणि शेजारच्या तुकड्यात मिसळतात. कापलेली कड उभी राहते आणि रंग दिल्यावर रेघ होऊन उमटते. एक थर वर्तमानपत्राचा, एक तपकिरी कागदाचा, असे आलटूनपालटून द्यावे, म्हणजे कोठे थर चुकला ते दिसते. मध्ये एखादा थर जुन्या धोतराच्या चिंध्यांचा. सात-आठ थर झाले की सावलीत वाळवावे. घाईने उन्हात ठेवलेले तीन मुखवटे आमच्याकडे तोंड वाकडे करून बसले. त्यांतल्या एकाचे वाकडे तोंड इतके उत्तम होते की तसेच ठेवले. नंतर मागून माती खरवडून काढावयाची, खडूची भुकटी डिंकात कालवून हात द्यावयाचा, घासावयाचे, रंग भरावयाचा, आणि सगळ्यांत शेवटी डोळे. आखणीच्या दिवशी आम्ही गणपतीच्या शाळेतल्या वृद्ध कारागिरांना वर्गात बोलाविले. त्यांनी काही व्याख्यान दिले नाही. श्वास रोखून रेघ कशी ओढावयाची एवढे दोनदा दाखविले आणि चहा पिऊन गेले. त्या दिवशी वर्गात आवाज नव्हता. आमच्या सगळ्या नोकरीत आम्ही ‘शांतता’ हा शब्द फळ्यावर जितक्या वेळा लिहिला, तितक्यांनी मिळून ती शांतता आली नव्हती.

पस्तीस मिनिटांचे आठवड्याला दोन तास. या हिशेबाने दोन महिने लागतात. एवढा वेळ हायस्कूल देईल काय? आपले कोकण मंडळ २०१२ साली रत्नागिरीस स्थापन झाल्यापासून दहावीच्या निकालात राज्यात पहिले येत आले आहे. अभिमानाची गोष्ट आहे. तिची किंमत कोणत्या तासांनी भरली हेही कुणीतरी एकदा मांडावे. आणि शिमगा येतो मार्चात, नेमका दहावीच्या परीक्षेवर! वाडीत मृदंग वाजत असतो आणि पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, जो खेळ्यांत पाय धरण्याच्या नेमक्या वयाचा आहे, तो खिडकी लावून भूमितीची प्रमेये घोकीत असतो. एक वर्ष बुडते. मग कॉलेज, मग मुंबई. खेळ्यांत नवी मुले येत नाहीत म्हणून जुनी माणसे हळहळतात ती उगीच नाही. नववीला मुखवटा शिकवावा असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने. नववी हा शेवटचा मोकळा फाल्गुन आहे.

मुखवटे झाले तेव्हा प्रदर्शन भरविण्याची सूचना आली. भिंतीवर ओळीने टांगावे, खाली नावे लिहावी. आम्ही आधी बांधून पाहावे असे म्हटले. जपानात नो नावाचे जुने नाटक आहे. त्यात मुखवटा किंचित वर उचलला की चेहरा उजळतो आणि खाली झुकविला की त्यावर सावली येते, असे त्या नटांचे शास्त्रच आहे. लाकूड तेच, भाव दोन. हे सांगून कळत नाही. मुलांनी मुखवटे बांधले आणि मान हलविली, तेव्हा त्यांना आपोआप कळले की कुणाची भुवई फार खोल गेली आहे आणि कुणाच्या गालावर उजेड पडतच नाही. दोघांनी मुखवटे काढून पुन्हा लगदा चढविला. गुणांसाठी कुणी तसे केले असते असे आम्हांस वाटत नाही.

खरी परीक्षा पहिलीच्या वर्गात झाली. एका मुलीने केलेला संकासूर सर्वांत उत्तम उतरला होता. तिनेच तो बांधून बालवर्गाच्या दारात उभे राहावे असे ठरले. ती थोडी अडखळली. “सर, आमच्याकडे बायका सोंग घेत नाहीत.” हे खरे होते. गोमूसुद्धा लुगडे नेसलेला पुरुषच असतो. आम्ही तिला म्हटले की हे शाळेचे सोंग आहे, गावचे नव्हे. घरी विचारून ये. तिने आजीला विचारले. आजी म्हणाली, “मी लहानपणी याच्या भीतीने कोनाड्यात बसले होते. जा, घाल.” ती दारात उभी राहिली, एकदा घुंगरू वाजविले, आणि पहिलीचा निम्मा वर्ग बाकाखाली गेला. उरलेला निम्मा तिच्या मागे धावला.

त्या फाल्गुनात वाडीच्या खेळ्यांचा एक माणूस शाळेत आला. त्यांच्या संकासुराची दाढी आणि फडके पेटीत कसरीने खाल्ले होते, नवे होईपर्यंत सरावाला शाळेचा मुखवटा मिळेल काय, असे त्याने विचारले. आम्ही मुलीच्या परवानगीने दिला. गुढीपाडव्यानंतर तो परत आला. आतल्या बाजूला घामाचे डाग होते आणि जुन्या मऊ लुग्याचे अस्तर नव्याने शिवलेले होते. डोळ्यांच्या जागी आम्ही मुलांकडून नीटनेटकी भोके पाडून घेतली होती. ती तशीच होती. पण त्यांच्या खाली, दोन बोटे अंतरावर, नाकाच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी चाकूने दोन आडव्या फटी काढल्या होत्या, आणि बाहेरून दिसू नयेत म्हणून त्यांवर काळा रंग फासला होता. मुलीने मुखवटा बांधून पाहिला. वरच्या भोकांतून तिला समोरची भिंत दिसत होती. खालच्या फटींतून आपले पाय दिसत होते.